डिझेलनं माखलेल्या बांगड्या

परभणी, १० मार्च १९८७

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं एकदाचं. माझ्यामुळं हुकलंच होतं. जीपचं कार्बोरेटरवालं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, सवय मात्र पेट्रोलचीच, टाकी संपली की ओतायचं अन् निघायचं. टाकी कोरडी होईस्तोवर हाणली. आईला दवाखान्यात नेताना बोरी गावापुढं बंद पडली. कॅनमधलं डिझेल ओतलं, तरी चालू होईना.

शेजारच्या शेतातून एक बाई पाना घेऊन आली. "भाऊ, नळीत हवा शिरलीय. आमच्या पाण्याच्या इंजिनाचं रोजचंच हाय." नट सैल करून तिनं बुडबुडे जाऊ दिले. बांगड्या डिझेलनं माखल्या. गाडी चालू झाली. आईनं चाचपत तिचा हात धरला.

त्या बांगड्या डोळ्यापुढून जाईनात. नाव का नाही विचारलं मी?

आईच्या हाताला अजून डिझेलचा वास हाय. म्हणायलीय, "पट्टी सुटली की आधी तिचं तोंड दाखव."