माझी हिरवी कयाक आणि बाकीचं सगळं

मी, आर्लेटा मे स्टिनसन, कै. ग्रेडी स्टिनसन यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार हॅकलर्स बेंड, उत्तर अलाबामा, हे मृत्युपत्र माझ्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, डोकं ठिकाणावर असताना आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. हृदय अलीकडे कुरकुर करतं. डोक्याबद्दल अजून कोणाची तक्रार आलेली नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं ग्रेडीला दिलं होतं आणि तो माझ्याआधी निघून गेला.

कलम १. राहतं घर, मागचं तलावाला लागलेलं अंगण आणि लाकडी धक्का माझी मुलगी मार्नी हिला द्यावा. तिने घर ठेवावं किंवा विकावं, माझा आग्रह नाही. मी पहिल्यांदा कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी नाव, घेतली तेव्हा ती फोनवर ओरडली होती, "आई, या वयात? तुला साधं पोहता तरी येतं का?" मला पोहता येत होतं. तिला पोहायला मीच शिकवलं होतं, हे ती विसरली होती. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पुढच्याच आठवड्यात तिने मला गडद नारिंगी लाइफ जॅकेट पाठवलं आणि सोबत चिठ्ठी लिहिली, "निदान लांबून दिसशील." देवाने मला चांगली मुलगी दिली.

कलम २. बँकेत जे काही असेल त्याचा अर्धा भाग मार्नीला आणि अर्धा आमच्या गावच्या स्वयंसेवी बचाव पथकाला द्यावा. पथकाने त्यातून लाइफ जॅकेटं घेऊन धक्क्यावर टांगून ठेवावीत, ज्याला हवं त्याने वापरावं. हे मला का सुचलं ते कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. चर्चमधल्या फॉन्डा लेडबेटरबाई यांना काही देऊ नये. मी कयाकवरून परतताना ओल्या अर्ध्या चड्डीत गावच्या दुकानात गेले तेव्हा त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "नवरा गेला की काही बायकांना बंधनच राहत नाही." मात्र माझ्या केळ्याच्या पुडिंगची कृती त्या वीस वर्षं मागत आहेत, ती आता द्यावी. पूर्ण द्यावी. आधी मी एक जिन्नस गाळायला सांगणार होते, पण इतकी वाईट मी नाही.

कलम ४. ग्रेडीची मोटारवाली नाव. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

ग्रेडी आणि त्याचा धाकटा भाऊ हार्लन जन्मभर बास मासे पकडायच्या स्पर्धांना जात. नाव लाल, चकाकती, विमानासारखी धावणारी. तिच्यात दोन खुर्च्या होत्या, एक ग्रेडीची आणि एक हार्लनची. एकेचाळीस वर्षं मी त्यांचे सँडविच बांधले. त्या नावेत कधी बसले नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही. ग्रेडीला पुरल्यावर सातव्या दिवशी हार्लन ट्रक घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, नाव माझ्याकडे नेऊन ठेवतो. उभी राहून बॅटरी खराब होईल." मी दारात उभी होते. ती नाव परत आली नाही. पाच वर्षं मी हार्लनशी बोलले नाही. चर्चमध्ये तो डावीकडे बसे, मी उजवीकडे.

पुढे मी कयाकमधून बास धरायला लागले (ते कसं, ते कलम ५ मध्ये आहे). एका मार्च महिन्यात, ऊन छान होतं पण पाणी बर्फासारखं, जॅकेट खांद्याला काचत होतं म्हणून मी ते काढून पाठीमागे ठेवलं. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. तलावाच्या चिंचोळ्या फाट्याच्या तोंडाशी वारा आडवा आला आणि मी उलटले. उलटल्यावर परत कसं चढायचं ते मला पाठ होतं, पण थंडीने बोटं वळेनात. दोनदा चढले, दोनदा घसरले. तिसऱ्यांदा हातात जोर उरला नाही. कयाक वाऱ्याबरोबर माझ्यापासून दूर जायला लागली.

तेव्हा ती लाल नाव दिसली. हार्लनने लांबूनच मोटार बंद केली, मोटारीचा पंखा मला लागू नये म्हणून, आणि वाहत वाहत माझ्याजवळ आला.

"वहिनी! हात दे!"

दात वाजत होते, तरी मी विचारलं, "ही नाव कोणाची?"

"काय?"

"कोणाची आहे सांग!"

"तुझीच आहे, बाई! तुझीच! आता चढ!"

त्याने मला कॉलरला धरून पोत्यासारखं वर ओढलं. नावेच्या कप्प्यात ग्रेडीचा जुना कोट अजून होता. तो त्याने माझ्या अंगावर घातला आणि मला ग्रेडीच्या खुर्चीत बसवलं. मग हार्लन, सहा फुटी, साठीचा माणूस, सुकाणूवर डोकं टेकून रडला. म्हणाला, "तू नाही म्हणशील म्हणून विचारलंच नाही. त्याच्या नावेत बसलं की तो आहे असं वाटायचं."

मी म्हणाले, "अरे मूर्खा, मी हो म्हणाले असते."

नंतर त्याने माझी कयाकही शोधून आणली. सबब, त्या नावेचे कागद माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात आहेत, ते हार्लनच्या नावे करून द्यावेत. जे त्याने न विचारता नेलं ते मी आता रीतसर देते, आणि मनापासून देते. त्याने ती नेली नसती तर मी अंगणात तिच्याकडे बघत म्हातारी झाले असते आणि स्वतःची छोटीशी नाव कधी घेतली नसती.

कलम ५. मिस्टर ओझेल पर्किन्स यांना मी काहीही देत नाही. कारण मला या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही हवी आहे, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये असं वकीलबाई पॅट्रिस गुडलो सांगतात. आभार हे मालमत्तेत मोडत नाहीत हे मी त्यांच्याकडून विचारून घेतलं आहे, तेव्हा आभार लिहिते.

ओझेल आमच्या रस्त्याचे पोस्टमन. एकतीस वर्षं टपाल टाकलं. ग्रेडी गेल्यानंतरच्या मे महिन्यात, नुकतेच निवृत्त झालेले, ट्रकवर दोन कयाक बांधून दारात आले. म्हणाले, "मिस आर्लेटा, तुमच्या पेटीत आठ महिने फक्त सांत्वनाची पत्रं टाकली. मला कंटाळा आला. चला." हिरवी कयाक त्यांच्या मेहुण्याची होती, मी ती नंतर विकत घेतली. पहिल्या दिवशी मी गळ मागितला तर म्हणाले, "आज मासा नाही. आज पडायचं." कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी मला नऊ वेळा पाडलं. प्रत्येक वेळी परत चढण्यासाठी काठावरून एकच वाक्य, "पोट आधी, मग बूड, मग पाय!" तिसऱ्या आठवड्यात पाणगवताच्या कडेला माझ्या दोऱ्याने हळूच बाजूला सरकायला सुरुवात केली. तो बास चार पौंडांचा असेल. त्याने मला कयाकसकट वीस हात ओढत नेलं आणि मी हसत आणि रडत होते. अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालून मी त्याला वर धरला. ओझेल म्हणाले, "बघून झालं? मग सोडा. त्याला घरी कामं असतील."

ओझेल, आठ महिन्यांनी मी पहिल्यांदा पोटभर जेवले ते त्या संध्याकाळी. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं होतं.

कलम ६. हिरवी कयाक, वल्हं, दोन गळ आणि आमिषांचा डबा समोरच्या घरातील कॉर्लिस टिडवेल हिला द्यावा. तिचा नवरा बर्ट डिसेंबरमध्ये गेला आणि तेव्हापासून ती ओट्यावर बसून रस्ता बघते. तिच्यासाठी सूचना: जॅकेट अंगात घालायचं, पाठीमागे नाही. आधी पडायला शिकायचं. वल्हं आणि गळ नावेला बांधायचे. दोनच गळ, जास्त घेतले की पायात येतात. पाणगवताच्या कडेला रबरी गांडूळ टाकायचं, बुडू द्यायचं आणि वाट बघायची. कॉर्लिस, तुला घाई असते. मोठ्या मोटारनावा गेल्या की कयाकचं नाक लाटेकडे करायचं. आणि परत कधी येणार हे कोणाला तरी सांगून जायचं.

कलम ७. वरील कलम मी ऑगस्टमध्ये लिहिलं. जूनमध्येच डॉक्टरांनी मला वल्हं मारायची बंदी केली होती, कयाक धक्क्यावर पालथी पडून होती. मागच्या शनिवारी माझ्या मनात आलं, कॉर्लिसने माझ्या मरणाची वाट का बघायची? मी रस्ता ओलांडून गेले.

"ऊठ. तुला पडायला शिकवायचंय."

ती म्हणाली, "माझं पडणं झालंय, आर्लेटा. अजून काय पडू?"

"त्यातून वर यायचं राहिलंय. जॅकेट घाल."

ती बर्टचा शर्ट घालून आली. चार वेळा पडली. चौथ्यांदा वर आली तेव्हा तोंडातून पाणी थुंकत तिने अशी शिवी दिली की ती या कागदावर लिहिता येणार नाही, आणि मग हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. त्यामुळे कलम ६ मधील वस्तू आता माझ्या राहिलेल्या नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, कलम खोडू या. मी म्हणाले, राहू दे, सूचना तिला लागतील.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मार्नीची नेमणूक करते. आता आटोपतं घेते. खिडकीतून मला कॉर्लिस गुडघाभर पाण्यावर दिसते आहे, वल्हं उलटं धरून गोल गोल फिरते आहे, आणि तिला ओरडून सांगायला काठावर कोणीतरी जायला हवं.

सही: आर्लेटा मे स्टिनसन

आमच्यासमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही:

१. ओझेल पर्किन्स, निवृत्त पोस्टमन
२. विल्मा क्रो, औषधांचे दुकान, हॅकलर्स बेंड

स्थळ: हॅकलर्स बेंड, अलाबामा
दिनांक: १९ सप्टेंबर २०२४, सकाळी साडेदहा