त्रिशलाची दोन बटणं

९ जानेवारी २०२५
आज कोल्हापूरच्या थेरपी सेंटरमध्ये संयोगिता मॅडमनी दोन बटणं दिली. बशीएवढी मोठी. हिरवं दाबलं की ‘हो’ बोलतं, लाल दाबलं की ‘नको’. आवाज शेजारच्या क्रांतीचा भरून घेतलाय, दुसरीतल्या पोरीचा. मॅडम म्हणाल्या, त्रिशलाचा आवाज लहान मुलीचाच वाटला पाहिजे.

त्रिशला पुढच्या महिन्यात पाचची होईल. जन्मली तेव्हा रडली नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. हातपाय ताठ. बोलणं नाही. डावी मूठ तेवढी कशीबशी खाली आणता येते. मॅडम म्हणाल्या, तेवढी पुरे.

घरी आल्यावर सासूबाईंनी बटणं उलटीसुलटी करून बघितली. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. “तिला कळतंय व्हय काय? बटान दाबून काय बोलणार हाय ती?”

मलाही तेच वाटत होतं.

१० जानेवारी
काही नाही.

१४ जानेवारी
दोन्हीवर मूठ आपटते. हो नको हो हो नको. अव्वा म्हणाल्या, डोकं दुखाय लागलं, काढ ते.

२१ जानेवारी
सकाळी दूधभाकरी कुस्करून पुढं नेली. मूठ लालवर. नको. मला वाटलं चुकून. “केळं देऊ?” मूठ उचलायला तिला केवढा वेळ लागला. कपाळावर घाम. हिरवं. हो.

केळं दिलं. सगळं खाल्लं.

संध्याकाळी आमचे मिस्टर, अनेकांत, एमआयडीसीतून कामावरून आले. त्यांचा विश्वास बसेना. तिच्यासमोर बसून विचारलं, “मी तुझा मामा काय गं?” नको. “पप्पा?” हो. आधी हसले. मग मागच्या दारी जाऊन तोंड धुऊन आले. मग म्हणाले, “पाच वर्षं हिच्यासमोर काय काय बोललोय गं आपण.”

२२ जानेवारी
अशा मुलांसाठीच्या मिरजेतल्या एका संस्थेबद्दल आम्ही तिच्या उशाशी बसून बोललोय. तिथं ठेवतात का, कायमचं ठेवतात का, सगळं.

२७ जानेवारी
हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथं लिहिते.

पायांचा व्यायाम रोज दोनदा करायचा असतो. गुडघे धरून पाय फाकवायचे, तीस मोजेपर्यंत सोडायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका फिजिओनं शिकवलं. म्हणाला, “रडली तरी थांबायचं नाही. तुम्ही थांबलात तर ही कधीच उभी राहणार नाही.” तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. ती किंचाळते. अव्वा म्हणतात, “पोरगी रडाय लागलीया, बास की आता.” मी ऐकत नाही. माझ्याशिवाय कुणी हे करणारही नाही.

आज पाय धरले तर ती लाल बटण दाबायला लागली. नको. नको. क्रांतीच्या आवाजात. सात वेळा.

मी बटण उचलून कपाटावर ठेवलं. आणि तीस मोजले.

२९ जानेवारी
संयोगिता मॅडमना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. बटणं तिच्या पुढ्यात सारली आणि विचारलं, “त्रिशला, दुखतं का?”

हो.

एकेक जागेवर हात ठेवत गेल्या. पोट? नको. गुडघा? नको. मग उजव्या मांडीच्या वरच्या सांध्यावर. “इथं?”

हो. मॅडमनी हात काढला तरी हो, हो, हो.

म्हणाल्या, “उद्याच एक्स-रे काढा. तोवर पायांना हात लावू नका.”

३० जानेवारी
खुब्याचा सांधा निखळलाय. वाटीतून हाड पूर्ण बाहेर. हाडाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवलं. म्हणाले, अशा मुलांत स्नायू ताठ असतात, ते हळूहळू हाड ओढून बाहेर काढतात. दर सहा महिन्यांनी फोटो काढून बघायला हवा होता. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी विचारलं, कधीपासून असेल?

“वर्ष तरी. जास्तच.”

मी विचारलं, आणि व्यायाम?

ते फिल्म पाकिटात घालत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही सांगितलं तसंच केलंत. पण तिला दुखत असणार.”

परत येताना गाडीत अनेकांत म्हणाले, “तुला कुठं माहीत होतं?”

माहीत होतं. रोज दोनदा ती सांगत होती. मी त्याला हट्ट म्हणत होते.

५ फेब्रुवारी
ऑपरेशन सोमवारी. आज तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. काय झालंय, डॉक्टर काय करणार, माझं काय चुकलं. तुला कळलं का, म्हणून विचारलं. हो. मग विचारलं, माझ्यावर रागावलीस का?

मूठ हललीच नाही. पंख्याकडं बघत राहिली.

११ फेब्रुवारी
काल साडेतीन तास आत होती. कमरेपासून दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर. शुद्धीवर आल्यावर रडली नाही. मला भीती वाटली. सिस्टर म्हणाल्या, “दुखणं कमी असेल, म्हणून.”

दोन वर्षांत पहिल्यांदा.

१२ फेब्रुवारी
सिस्टर म्हणाल्या, आजपासून सहा दिवस वॉर्डात एकच माणूस राहील. “आईच ना?” पासवर माझं नाव लिहायलाही घेतलं. मी म्हटलं, थांबा, तिला विचारते. बटणं पोटाशी ठेवली.

“आई राहू?” नको.

“पप्पा?” नको.

“अव्वा?” हो.

मला वाटलं थकलीय, चुकलं असेल. परत विचारलं. तेच उत्तर.

सिस्टरना म्हटलं, सासूबाईंचं नाव लिहा, रत्नाबाई. अव्वांना औषधाच्या वेळा सांगितल्या, पास त्यांच्या हातात दिला आणि जिना उतरले.