छपरावरची जाळी

चि. फ्लोरेन्सियो, ताईचा आशीर्वाद.

वादळ परवा आपल्या बेटावर धडकणार आणि तुमचे फोन कालपासून बंद, म्हणून लिहिते आहे.

गवताचं छप्पर उतरवून पत्रे घालायचा हट्ट माझा. आई म्हणाली होती, "मास्तरीणबाई, वारा काय तुझी पदवी बघून वळणार आहे?" पत्र्याला कशाला लागते म्हणून वादळात छपरावर टाकायची दोरांची जाळीही मीच फेकायला लावली. चुकलं माझं.

आई घर सोडणार नाही. जाळी पाठवते आहे. उद्या दुपारपर्यंत टाक आणि चारी बाजूंनी दगडांना बांध. तिचा गुडघा कसा आहे? माझी काळजी नको, इथे बास्कोत वारा कमी असेल.

दोमितिला

एलियास नावाड्याकडे सोपवली: माझ्या घरावरची जाळी, एक.