झटकलेला ताप

मु. आपली वाडी, सोनईजवळ
सोमवार, ता. ११ डिसेंबर १९४४

चि. सत्यवानास राधाकृष्णकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पावलं. लष्करी दवाखान्यातल्या नोकरीत दोन वेळचं जेवण वेळेवर मिळतं हे वाचून बरं वाटलं. इकडे ज्वारी पोटरीत आली आहे, हरभरा बरा आहे. काकूचे गुडघे थंडीमुळे धरले आहेत. माझं शिवणयंत्र चालतं, पण सुईत दोरा ओवायला आता शेजारच्या पोरीला हाक मारावी लागते.

तू एवढंच विचारलंस की आईला घातलेली दोन पत्रं परत आली, ती कुठे आहे. सांगतो. पण कापड पसरल्याशिवाय मला कात्री लावता येत नाही, ही माझी खोड तू लहानपणापासून पाहतो आहेस.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पारावर मी उष्णतेचा पाठ सांगितला. तेच माझं शास्त्राचं फाटकं पुस्तक, तीच माणसं, तेच जांभया देणं. म्हटलं, डोळ्यांना दिसेल असं काही दाखवावं. तुझी आई पाटलाकडची धुणी आटोपून चालली होती. तिला बोलावलं आणि चुलीपुढून आलेल्या एका बाईचा हात तिच्या हातात दिला. तुझ्या आईचा, मुक्ताबाईचा हात माठासारखा गार. म्हटलं, "बघा, उष्णता मरत नाही. गरमातून गाराकडे जाते, नुसती जागा बदलते." सहादेव वाण्यानं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मला वाटलं, चला, एकाला तरी समजलं.

समजलं होतंच रे. त्याला समजलं नसतं तर बरं झालं असतं.

भाद्रपदात थंडीतापानं गाव धरलं. घरटी दोन-तीन माणसं गोधडीत. नगरहून निघताना तू पार्सल धाडलं होतंस, त्यातली ताप मोजायची काचेची नळी मी काढली. पहिल्यांदा लावली ती पुंजाराम पाटलाच्या नातवाला. पारा एकशे चारावर. मी नळी झटकली आणि डबीत ठेवली. तीन दिवसांत पोरगं उठून भाकरी मागायला लागलं.

गाव म्हणालं, नळीनं ताप ओढून घेतला आणि शिंप्यानं झटकून टाकला. मी म्हटलं, "अरे, ती नुसती मोजते. गजानं कापड वाढतं का?" एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. दारात रांग लागली होती सत्यवान. ज्यांनी मला चाळीस वर्षं 'शिंपी' म्हटलं ते 'काका' म्हणत नारळ घेऊन उभे होते. माणूस भुकेला असला की शिळंही गोड लागतं.

पण ताप एक दिवसाआड परत यायचा, त्याची रीतच ती. तेव्हा सहादेव पुढे झाला.

"काका, तुमी झटकता ते गावातच पडतंय. तुमीच सांगितलं ना, उष्णता मरत न्हाई, जागा बदलती? मग तिला जागा द्या."

"कसली जागा?"

"गार जागा. तुमीच दावली की पारावर."

आणि तुझ्या आईला माझ्या ओट्यासमोर आणून बसवलं.

मी काय केलं विचारशील. मी मनाशी हिशोब मांडला की झटकल्यानं पारा खाली येतो, बाहेर काहीच पडत नाही. म्हणजे तिला इजा नाही आणि लोकांच्या जीवाला थारा. शिवाय पाटलानं तिला दोन्ही वेळची भाकरी लावून दिली. तिनं मला विचारलं होतं, "दादा, ह्यानं मला काय व्हईल का?"

"काही नाही. नुसता पारा आहे."

"मग झटका. माझ्या लेकानं धाडलीय नळी. तिचं काय भ्यायचं?"

दिवसाला वीस-पंचवीस वेळा मी तिच्या तोंडासमोर नळी झटकली. ती पदर सावरून बसायची. मधूनच हसायची, म्हणायची, "आज लई गिऱ्हाईक हाय दादा."

पंधरा दिवसांत लोकांना तिची भीती वाटू लागली. गावाचा सगळा ताप तिच्या अंगात साठलाय म्हणे. पाटलाकडची धुणी बंद झाली, मग भाकरी बंद. विहिरीवर बायका तिची घागर लांबूनच भरायच्या, पुढे तेवढंही राहिलं नाही. सर्वपित्रीला तिला जुन्या वीटभट्टीच्या खोपटात नेऊन ठेवलं. न्यायला सहादेव होता, गवळ्याचा श्रीमंत होता, आणि तिचं गाठोडं उचलायला मी होतो. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. सहादेव तर म्हणाला, "मुक्ते, वाईट वाटून घेऊ नको, हे शास्त्र हाय." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

तिथे डासांचं मोहोळ. आठ दिवसांत ताप आलाच. हिवतापच होता, गावात सगळ्यांना होता तोच. गाव म्हणालं, बघा, भरलं भांडं.

आता ते सांगतो, जे तू वाचायला लागल्यापासून मनात धरून बसला असशील. तुझ्या पार्सलात नळीबरोबर कोयनेलच्या, हिवतापावरच्या गोळ्यांची बाटली होती. चिठ्ठी होती: 'काका, या आईसाठी. तिला ताप आला तरच फोडा. बाजारात सोन्याच्या भावानं मिळत नाहीत.'

त्या गोळ्या पुंजाराम पाटलाच्या नातवाच्या पोटात गेल्या. सगळ्या. पाटील स्वतः माझ्या ओट्यावर बसून रडला. चाळीस वर्षांत तो माझ्या ओट्यावर बसला नव्हता. पोरगं उठलं ते गोळ्यांनी. नळीनं नाही. हे गावात एकट्या मला ठाऊक होतं. रोज सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर नळीची रांग मोडली असती, सहादेवाचं शास्त्र मोडलं असतं, आणि गोळ्या कुणाच्या होत्या हे तुझ्या आईला कळलं असतं. मी अस्तर आत घालून वरून इस्त्री फिरवली.

तिच्या तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी मी भट्टीवर गेलो. मागे दहा-बारा माणसं लांब उभी. तिला नळी लावली. एकशे पाच.

ती म्हणाली, "लेकानं आणखी काय धाडलं न्हवतं का वो दादा? दवाखान्यात हाय त्यो."

मी म्हटलं, "नाही."

"मग झटका. निदान माझा तरी झटका."

हात वर केला तेवढ्यात मागून सहादेव ओरडला, "काका, हिकडं नगं. वारं गावाकडं हाय."

मी हात खाली घेतला. झटकल्यानं काही होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिला मात्र तेवढंच हवं होतं. तेही मी केलं नाही. नळी डबीत घातली आणि परत आलो. दुपारी ती गेली. कोजागरीचा दिवस होता. अग्नी मी दिला, तुझ्या नावानं. लाकडं पाटलानं दिली, गाडीभर.

तुला दोन महिने का कळवलं नाही याला कारण देता येईल, पण ते कारण असणार नाही.

आता गावात पुन्हा चार घरी थंडी भरते आहे. काल सहादेव आला होता. नळी मागत होता. जागाही त्यानं पाहून ठेवली आहे, श्रीमंत गवळ्याची मुकी बहीण. तिचे हातपाय गार असतात म्हणे. मी काल पारावर उभा राहून सांगितलं, गोळ्यांचं, नळीचं, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुंजाराम पाटील म्हणाला, "म्हातारा झालास राधाकृष्णा. मुक्ताबाईचं मनाला लावून घेतलंस." सगळे हळहळले. कुणीतरी मला हात धरून घरी आणलं.

म्हणून नळी या पत्राबरोबर तुला परत धाडतो आहे, कापसात गुंडाळून. डबी जपून उघड. त्या दिवसापासून मी ती झटकलेली नाही. पारा अजून एकशे पाचावरच उभा आहे.

तो तुझ्या आईचा आहे. झटकायचा का, ते तू ठरव.

तुला अक्षरं गिरवायला शिकवणारा,
राधाकृष्ण शिंपी