दोघांपुरती कमाई

१ एप्रिल, पहाटे ४.४०
नवं टॅक्स-वर्ष सुरू. संकल्प: या वर्षी माई आणि पिताजींना फिजीतल्या लंबासाहून कायमचं इथे न्यूझीलंडला, ऑकलंडला आणायचं. आई-बापाला बोलवायचं तर पोराची कमाई किती हवी, हे इमिग्रेशनने ठरवून ठेवलंय. एकाला आणायचं तर कमी, दोघांना तर बरीच जास्त. एकापुरती माझी गेल्या वर्षीच झाली. पण अविनेश चंद अर्धवट काम करत नाही.

८ एप्रिल, मंगळवार
दर मंगळवारची रामायण वाचणारी मंडळी या वेळी आमच्याकडे. श्रावणबाळावर बोललो. म्हटलं, एकालाच पारड्यात बसवलं असतं तर कावड कलंडली नसती का? टाळ्या पडल्या. भांडी घासताना आर्तिका म्हणाली, त्याने निदान उचललं तरी, तुझं अजून बांबू तासणंच चाललंय. बायकोला अध्यात्माची आवड नाही.

२० एप्रिल
लंबासाला फोन. पिताजी म्हणाले, आधी माईला ने, तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, मी कोंबड्या बघतो. मागून माई ओरडली, म्हाताऱ्याला चहाचं आधण ठेवता येत नाही, त्यालाच ने. ठणकावून सांगितलं, याल तर जोडीनेच. दोघांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. गहिवरली असावीत.

३ जून
शायल आली. माझी धाकटी बहीण, हॉस्पिटलात नर्स. म्हणे, भैया, माझा पगार जोड, दोघांच्या नावाने अर्ज करू, दोघंही येतील. मी म्हटलं, थोरला मुलगा मी आहे, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत नाही. तर म्हणते, ओंजळ तुझी रे, पण तहान त्यांना लागलीय. चार बुकं शिकली की जीभ सुटते.

१७ ऑगस्ट
कोल्ड स्टोअरमध्ये आता रविवारचीही शिफ्ट घेतली. बोटं बधिर. कमाईची किमान मर्यादा सरकारने पुन्हा वाढवली. म्हणजे तिकडेही माझी दखल घेतात. मंडळीला तीन मंगळवार गेलो नाही. आज जाणार होतो, पण आज रविवार निघाला.

२ सप्टेंबर
एक आठवड्याची रजा कंपनीला विकली. तेवढीच कमाईत भर. उरलेली रजा जुलैत पाठ धरली तेव्हाच संपली. माईने विचारलं, या दिवाळीला येशील का? म्हटलं, पुढची दिवाळी इथेच. हसली. नंतर खोकत होती.

१२ नोव्हेंबर
माई हॉस्पिटलात. फुप्फुसात पाणी. शायल कालच पोचली, तिथून फोनवर किंचाळत होती, आत्ताच्या आत्ता ये. शांतपणे हिशेब केला. दोन आठवडे बिनपगारी म्हणजे वर्षभराच्या मेहनतीवर पाणी. कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं. व्हिडिओवर माईला समजावलं, माई, तुझ्यासाठीच येत नाहीये. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलं.

१९ नोव्हेंबर
माई गेली.

२० नोव्हेंबर
मॅनेजर भला माणूस. तीन दिवस भरपगारी सुटी दिली, म्हणजे कमाईला धक्का नाही. तीन दिवसांत जाऊन येता आलं असतं, पण रविवारी दुप्पट पगाराची शिफ्ट आहे आणि परतीचं विमान चुकलं तर? अग्नी शायलने दिला. तिने फोनवर दाखवलं, पण नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. तिकडे नेटवर्क फार वाईट.

२२ नोव्हेंबर
आज रडलो. बराच वेळ. आर्तिका दुसऱ्या खोलीत झोपली.

३१ मार्च
वर्ष संपलं. रविवार एकही चुकवला नाही. माईनंतर गरज नव्हती, पण सवय लागली. दोघांपुरत्या मर्यादेला सहाशे डॉलर कमी पडले. तीन आकडी हार म्हणजे हार नव्हेच. शिवाय आता दोघांपुरती लागतच नाही. एकापुरती कधीचीच झालीय, वर हजारो उरतात. आर्तिकाला सांगितलं. ती म्हणाली, गेल्या एप्रिललाही झालीच होती. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

पिताजींना लगेच फोन लावला. म्हटलं, आता काही अडचण नाही, अर्ज शंभर टक्के मंजूर. पिताजी कोंबड्यांना दाणे टाकत होते. मग म्हणाले, मी तिथे येऊन काय करू बेटा? ती असती तर दोघं एकमेकांशी बोलत बसलो असतो. तू तर कामावर असशील.

विचार केला. म्हातारा बरोबर बोलतोय. उद्या पहाटे पाचची शिफ्ट आहे.