एकाच चालीचं इंजिन

४ फेब्रुवारी

ट्रकच्या इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडलंय. माझी मूठ जाईल एवढं. मी खरंच घालून पाहिली — आत थंड, तेलकट अंधार. वस्ताद ओरडले, "वहिनी, हात कापेल."

गॅरेज त्यांचं. आमच्या ट्रकचं प्रत्येक दुखणं त्यांनीच काढलेलं. त्यांनी तुटलेला रॉड हातावर ठेवला. बेअरिंग झिजलं, रॉड सैल झाला आणि शेवटी ब्लॉक फोडून बाहेर आला. भर चढावर.

"हे एका दिवसात होत नाही," ते ह्यांना म्हणाले. "आधी ठोका येतो. दारावर थाप मारल्यासारखा. ऐकला नाहीत का?"

हे म्हणाले, "तेल बदललं होतं."

प्रश्न काय, उत्तर काय!

५ फेब्रुवारी

ठोका ऐकला कसा नाही? दिवसभर तेच डोक्यात. मी सोबत जायचे तेव्हा केबिनमध्ये चमचा वाजला तरी हे गाडी बाजूला घ्यायचे आणि चमचा सापडेपर्यंत पुढे निघायचे नाहीत. लेक लहान असताना तिच्या शाळेसाठी मी घरी थांबले, फोनवर भाडी ठरवू लागले. तेव्हापासून गाडीत हे एकटे.

विचारलं तर म्हणतात, "म्हातारी झाली होती गाडी." आणि टीव्ही मोठा करतात.

९ फेब्रुवारी

इंजिन मिळालं. पण आमच्या ट्रकच्या कंपनीचं नाही. एका दवाखान्याच्या जनरेटरचं. वीज गेली की चालू, आली की बंद. बाकी सगळा वेळ खोलीत झाकून ठेवलेलं. रंगसुद्धा शाबूत. आयुष्यात एक वीतभर कुठे गेलेलं नाही, आणि आता ट्रक ओढणार!

मी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. वस्ताद हसले. "सून बघायला आल्यासारखं काय बघताय?"

"बघून घ्यावं," म्हटलं. "नंतर कुरकुर नको."

ह्यांना अजिबात पसंत नाही. "परकं आहे," एवढंच.

१२ फेब्रुवारी

नाकापेक्षा मोती जड. इंजिन खाली सोडलं तर त्याच्या बुडाची तेलाची टाकी थेट पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकली. परत वर. साखळीवर लोंबकळणारं ते धूड मी जन्मात विसरणार नाही. आता तेलाची टाकी दुसऱ्या आकाराची बसवायची. रेडिएटर पुढे सरकवायचा. गिअरबॉक्स आमचाच, पण त्याची भोकं ह्या इंजिनाशी जुळत नाहीत, म्हणून दोघांच्या मधे लेथवर कातलेली जाड प्लेट.

"सून नवी, तर घरातली भांडी सरकवावी लागणारच," वस्ताद.

मी विचारलं, प्लेट थोडी वाकडी बसली तर? ते गंभीर झाले. केसभर चुकली तरी क्लच खाईल, म्हणाले. मग मापायचं घड्याळ लावून इंजिन हाताने फिरवत बसले. मी काटा बघत होते. काटा हलला की मीच आधी ओरडायचे.

१३ फेब्रुवारी

आरटीओ कचेरीत अर्ज दिला. गाडीच्या कागदावर नवा इंजिन नंबर चढला की झालं.

१७ फेब्रुवारी

आज एक गंमत कळली. जनरेटरचं इंजिन एकाच चालीने पळतं. बोजा वाढो की घटो, चाल तीच. तशी त्याच्या डिझेल पंपाला शिस्त लावलेली असते.

"मग आमच्या चढाउतारावर कसं?"

"म्हणून तर पंप दुकानात पाठवलाय. त्याला हळू चालायला आणि धावायला शिकवायचं."

इतक्या उशिरा शिकता येतं तर!

२१ फेब्रुवारी

आज इंजिन चालू झालं.

हे केबिनमध्ये, वस्ताद पुढे, मी दाराशी. किल्ली फिरवली. एक खोकला, पांढरा धूर, आणि मग अगदी गोल, सलग आवाज. जुन्यासारखी हाणामारी नाही. इंजिनाखालचे रबर नवे, त्यामुळे केबिन जागची हलत नव्हती. मला हसू फुटलं.

आणि ह्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर! असा किर्रर्र आवाज की अंगावर काटा आला. वस्ताद हात हलवत धावले, "चालू आहे! अहो, चालू आहे!" ह्यांनी तिसऱ्यांदा किल्लीला हात घातला. मी पायरीवर चढून त्यांचं मनगट धरलं.

माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग समोरच्या काट्यांकडे. मग हात मांडीवर ठेवले.

इंजिन मात्र चालूच होतं.

२२ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं. तोंडाकडे बघतील असं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. डावा कान आधी गेला. उजव्याने भागत होतं."

"आणि गाडी?"

"ती कळायची गं. सीटमधून, पायातून. गिअर कधी बदलायचा ते तळव्याला कळायचं." मग, "थरथर वाढली तेही कळलं. वाटलं, रस्ता खराब आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गाडी काढून घेतली असतीस."

खरंच घेतली असती. मागून कोणी हॉर्न वाजवला असता तर? हे विचारायचं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही विचारलं. नंतर भांडी घासताना रडून घेतलं. त्यांना ऐकू जाणार नाही हे ठाऊक असल्यामुळे चांगलं मोठ्याने.

२५ फेब्रुवारी

लेक सुट्टी काढून आली, कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डावा संपला. उजव्याला मशीन लावून माणसांशी बोलणं जमेल. जड गाडी मात्र नको — डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "विकून टाका." आम्ही दोघं एकदम म्हणालो, "नाही."

२७ फेब्रुवारी

लायसन्स माझंही आहे. लग्नानंतर ह्यांनीच काढायला लावलं होतं. नूतनीकरण चुकवलं नाही कधी, पण भरलेली गाडी सपाट रस्त्यापलीकडे चालवली नाही.

आज वस्तादांनी रिकामी गाडी दिली. हे शेजारी. मशीन लावलेलं. "क्लच हळू. अजून हळू. त्याला घाबरवू नकोस." कोणाला, विचारलं. "इंजिनाला. तेही पहिल्यांदाच निघालंय."

परकं म्हणाले नाहीत.

३ मार्च

वाळूची पोती भरून टेकडी चढले. दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा वर.

८ मार्च

आज केबिनमध्ये बसून लिहितेय. खरं भाडं, लांबचं. हे सोबत येणार होते, पण गॅरेजच्या फाटकाशी उतरले. "मी बसलो तर तू रस्त्याऐवजी माझ्याकडे बघशील." आणि दार लावून घेतलं.

पोचल्यावर सवयीने फोन लावायला घेतला, मग लिहून पाठवलं, 'पोचले.'

लगेच उत्तर. 'हँडब्रेक ओढ. मग जेव.'