येतो म्हणावं

१० सप्टेंबर १९६३, मंगळवार. चिखलदरा

पोचलो बुवा एकदाचा! परतवाड्यापासून गाडी जी घाट चढायला लागली ती थांबायचं नाव घेईना. शेजारचा कापसाचा व्यापारी खिडकीतून सारखा ओकत होता आणि मी मात्र लहान पोरासारखा पलीकडच्या खिडकीला नाक लावून बसलेलो. आमच्या बार्शीटाकळीकडे नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन. डोंगर म्हणजे आम्हाला कॅलेंडरावरचं चित्र. इथं ढग रस्त्यावरून गुरांसारखे खुशाल चालतात, हॉर्न वाजवला तरी बाजूला होत नाहीत.

कचेरीतले मोठे कारकून दर साली इथं येतात आणि पुढं महिनाभर आमचे कान खातात. धबधबे काय, गाविलगडाचा किल्ला काय, कॉफीची झाडं काय, कोरकूंचा नाच काय. मनात म्हटलं, देवमन, आपणही पगारदार माणूस आहोत, आपण का पाहू नये? रजा टाकली, विश्रामगृहाची चिठ्ठी काढली, नवी छत्री घेतली आणि निघालो.

निघताना मायनं दारात नेहमीचा घोळ घातला. जातो म्हणू नोको, येतो म्हन, असा एकच धोशा. मी म्हटलं, माय, बुद्धाची दीक्षा घेऊन सात वर्षं होत आली. भुतंखेतं, शकुन-अपशकुन सगळं त्याच दिवशी नागपूरला टाकून आलो, मग ही 'येतो'ची गाठ तेवढी कशाला जपायची? आणि मुद्दाम सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, ललिता, जातो गं! ललिताला पाचवा महिना आहे. ती हसली नाही, तोंड फिरवून आत गेली. परत गेल्यावर समजूत काढावी लागणार. इथली सीताफळं नेईन म्हणतो.

इथला चौकीदार पंजाबराव मोठा अदबीचा माणूस. धावत येऊन बॅग उचलली, भाऊ-भाऊ करत पायऱ्या चढला. मधेच आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं बॅग होती तिथंच पायरीवर ठेवली आणि धोतराला हात पुसले. पुढं ती मीच नेली. चालायचंच. मी डोंगर बघायला आलो आहे, पंजाबरावचं थोबाड नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

काय दिवस गेला! सकाळी घाटाच्या वळणावरून खाली कोरकूंच्या एका गावात उतरलो. एक म्हातारा ढोलाला चामडं ताणत बसला होता. त्याला माझं निम्मं कळेना, मला त्याचं निम्मं. तरी त्यानं दोन थापा वाजवून दाखवल्या आणि दोघंही उगाच हसलो. मग पंचबोलला जाऊन दरीत हाका मारल्या. ललिताचं नाव घेतलं तर ते इतक्यांदा परत आलं की मीच लाजलो.

जेवणाचं मात्र लिहायला नको, पण लिहितो. गाडीतला तो व्यापारीही इथंच उतरला आहे; तो आत टेबलावर चिनी मातीच्या बशीत जेवला. माझं पान व्हरांड्यात. पाणी मागितलं तर पंजाबरावनं ओंजळ धरायला लावली आणि वरून ओतलं, गुडघ्यापर्यंत भिजलो. मी चिठ्ठी दाखवली, दोघांच्याही खोल्यांना सरकारी भाडं सारखंच आहे म्हटलं. त्यानं चिठ्ठीही लांबूनच वाचली. हे म्हणे कारकुनांचं थंड हवेचं ठिकाण! थंड आहे खरं.

त्याच रागात दुपारी दरीच्या अंगानं एकटा फिरायला गेलो. धुकं असं दाटलं की हातातली छत्रीही धड दिसेना. वाट चुकलो. तेवढ्यात समोर एक लिंपलेलं घर, सारवलेलं अंगण, आणि दारात मायच्याच वयाची एक बाई उभी. ये ना बाप्पा, बस, म्हणाली. आडनाव नाही, गाव नाही, काहीच विचारलं नाही. पितळेचा लखलखीत लोटा माझ्या हातात दिला. हातात! मी विचारलं, तोंड लावू का? तर म्हणाली, लोट्याले तोंड नाई लावाचं तं काय नाक लावाचं?

मी पाणी प्यालो आणि मला रडू आलं. खोटं कशाला लिहू. छत्री भिंतीला टेकवून घटकाभर तिथंच बसलो, ललिताचं सांगितलं, मायचं सांगितलं. उठलो तशी तिनं विचारलं, चालला का? आता एवढ्या मायेनं विचारणाऱ्या बाईला 'जातो' कोणत्या तोंडानं म्हणायचं? येतो मावशी, म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, नक्की येतो ना? म्हटलं, येतो म्हणजे येतो.

छत्री तिथंच विसरलो. उद्या त्या निमित्तानं जाईन.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज लख्ख ऊन. छत्री आणायला गेलो. कालच्या चिखलात माझ्याच वहाणांचे ठसे होते, त्यांच्यावरून पाय ठेवत गेलो. ठसे कड्याच्या टोकापर्यंत गेले. पुढं घर नाही, अंगण नाही, जमीनच नाही. सरळ दरी. कड्याच्या कडेपासून पलीकडं, मी काल जिथं बसलो होतो तिथं, घारी फिरत होत्या. छत्री खाली, पार खाली, एका झाडाच्या शेंड्यावर उघडी पडलेली दिसली.

परत येऊन पंजाबरावला सांगितलं. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. विचारलं, पाणी प्याले? हो म्हटलं. विचारलं, निघताना काय म्हनले? सांगितलं. मग त्यानं सगळं सांगितलं. म्हणे धुक्यात ती बाई बोलावते, आणि तिला जो येतो म्हणतो त्याला ती शब्दाला धरते आणि न्यायला येते. इथं उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो आल्या आल्या हे बजावतो. त्या व्यापाऱ्यालाही बजावलं होतं.

मी विचारलं, मग मला काहून नाही सांगितलं? तर खाली मान घालून म्हणाला, तुमी लोकायनं देव सोडले, मले वाटलं भूतबी सोडलं असन.

वा रे पंजाबराव! हसावं की त्याचं मुंडकं धरावं, कळेना.

यावर उपाय एकच, तोही त्यानंच सांगितला. चार माणसांच्या घरात, पेटत्या चुलीपाशी बसून राहायचं. चुलीपाशी ती येत नाही. गेल्या साली एका वकिलानं अशीच चूक केली. त्याला पंजाबरावच्या बायकोनं आपल्या चुलीपुढं बसवून ठेवलं, गाडी आली तसा तो धडधाकट घरी गेला.

मी माझ्या मनाला सांगतो आहे की हे थोतांड आहे, धुक्यात माणसाची नजर फसते. पण उद्याच्या गाडीनं परत जाणार. ललिताची फार आठवण येते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गाडी नाही. घाटात दरड कोसळली. कोरकूंचं ते गावही दरडीच्या पलीकडंच राहिलं. व्यापारी कालच्याच गाडीनं सुटला. विश्रामगृहात मी एकटा, आणि जवळपास घर म्हणजे मागचं पंजाबरावचं तेवढं.

दुपारी धुकं आलं. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडं ते घर. तेच अंगण, पायरीवर लोटा. काल तिथं नुसतं गवत होतं, मी शपथेवर सांगतो. आणि आवाज, अगदी मायेचा, रागाचा लवलेश नाही. काहून नाई आला रे बाप्पा? येतो म्हनला होता ना. मी वाट पाहून राहिली.

कानात बोटं घातली. धुकं विरलं तसा पळत मागं पंजाबरावच्या घरी गेलो. चूल पेटलेली, बायको भाकरी थापत होती, म्हातारी सुपात काही निवडत होती. मी उंबऱ्याबाहेरून म्हटलं, मला चुलीपाशी बसू द्या. गाडी येईपर्यंत. कोपऱ्यात बसतो. कशाला हात लावणार नाही.

पंजाबराव म्हणाला, चुलीपाशी कसं बसवू तुमाले? म्हातारी हाय घरात. घर बाटते.

मी म्हटलं, वकिलाला बसवलं.

तो म्हणाला, ते येगळे.

त्याच्या पाया पडलो. होय, पडलो. सात वर्षांत कुणापुढं वाकलो नव्हतो. तो पाय मागं घेत गेला. विटाळाला भ्याला की तिला, ते त्यालाच ठाऊक. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनंच उठून दार लावलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून पांढरं. खोलीत कागद जाळून पाहिले. नुसता धूर. घरात चार माणसं नाहीत आणि ही चूल नाही.

घर आता कुंपणाशी आलं. आणि घराबरोबर कडाही येतो, हे आज कळलं. खिडकीतून खडा टाकला. पडल्याचा आवाज आला नाही.

पंजाबराव फाटकाशी भाकर ठेवून पळाला. लांबूनच ओरडला, रस्ता मोकळा होऊन राहिला, उद्या गाडी येईन. आत राहा, कडी काढू नका.

ती रागवत नाही, हेच वाईट. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, सवय आहे. ती म्हणते, जेवला का बाप्पा? इथं मला दुसऱ्या कुणी हे विचारलं नाही. मन धाव घेते. मन तिकडे धाव घेते आणि मी खाटेचा पाय धरून —

१५ सप्टेंबर, रविवार

पांढरंच. फाटक नाही. पायरी नाही. उंबऱ्याखालून पाण्याचा आवाज येऊन राहिला, खोल —

बॅग भरली. सीताफळं राहिली घ्यायची.

हॉर्न! खराच वाजला. पंजाबरावचा आवाज. गाडी आली म्हनते. येता का म्हनते. माह्या तोंडातून निघून गेलं — येतो —

कडी काढली. मंग आयकलं. पानी पिऊन निघा भाऊ, घरातलं हाय, लोट्याले तोंड लावा.

पंजाबराव नाई हा. पंजाबराव मेला तरी मले असं म्हनणार नाई.

दाराले पाठ लावून लिहून राहिलो. दार ढकलत नाई ती. नुसती उभी हाय. थंड वारा — मागून —

लोटा आत आला. वरून नाई ओतत. हातात देऊन राहिली. हातात —

ललिते, तुले जातो म्हनलो, ते मनावर घेऊ नोको. पोराले सांगजो, मी ये